मी रचलेली बंगाली आई

आमच्या शाळेत हिवाळी शिबिराची नोटीस लागण्याआधीच मला कळतं की मी जाणार आहे. मुख्याध्यापिका बाई स्टाफरूमच्या दारात येऊन उभ्या राहतात आणि सगळ्यांवरून एकदा नजर फिरवतात. ज्या बाईवर ती नजर थांबते तिला एकदम काहीतरी आठवतं. एकीच्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, एकीच्या मुलाची परीक्षा, एकीच्या नणंदेचं केळवण, म्हणजे बंगाल्यांत जे काही केळवणासारखं असतं ते. शेवटी बाई माझ्याकडे वळतात आणि अगदी मायेनं म्हणतात, "मेधा, तुम्हाला काय, तुम्हाला तर पिछुटान नाही."

पिछुटान म्हणजे मागून ओढणारं काहीतरी. पदर धरणारं मूल, जेवायला थांबलेलं माणूस, कुणाचं तरी औषध. मराठीत याला नेमका शब्द मला सापडलेला नाही. 'पाश' म्हणावं तर समोर कीर्तन सुरू झाल्यासारखं वाटतं.

बाईंचं काही चुकत नाही. नवरा बँकेत, त्याची बदली नागपूरला. मुलगा हैदराबादला नोकरीत, तो माझ्या लांबलचक मेसेजला अंगठा पाठवतो. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी गार्डन रीचला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. मी हिशोब मराठीत करते, भांडते बंगालीत आणि भूगोल शिकवते इंग्रजीत. मराठी बोलायला घरात आता फक्त कुकर उरला आहे. त्याचं ऐकून घ्यावं लागतं, आपलं तो ऐकत नाही, त्यामुळे संसारात असल्यासारखं वाटत राहतं.

तर अशी मी बिनपिछुटानाची बाई गेली कित्येक वर्षं मुलींच्या निवासी सहली नेते आहे. ज्यांनी नेल्या नाहीत त्यांना वाटतं, मजा आहे हिची, फुकटात हिमालय. त्यांना एवढंच सांगते की कांचनजंगा मी अजून धड पाहिलेला नाही. तो दिसला की सगळ्या मुली त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहतात, आणि मला मुली मोजायच्या असल्यामुळे मी त्याच्याकडे पाठ करून उभी असते. माझ्या प्रत्येक फोटोत तो माझ्यामागे आहे. मोठा भारदस्त दिसतो असं म्हणतात.

मोजणं हा या कामाचा कणा. गाडीत चढल्यावर मोजायचं, उतरल्यावर मोजायचं, संडासापाशी मोजायचं, देवळात शिरताना मोजायचं आणि निघताना परत. पुढे त्याचं व्यसन होतं. मी लग्नात गेले तरी पंगतीतली माणसं मोजते आणि आकडा जुळला की मला बरं वाटतं, कशाशी जुळला ते विचारू नका.

दुसरं म्हणजे ओकाऱ्या. डोंगरातल्या वळणांवर कोण कधी पिवळी पडेल हे ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, आणि हे मी अभिमानानं सांगते, कारण दुसरं सांगण्यासारखं कौशल्य माझ्यापाशी नाही. जी मुलगी "मिस, मला कधीच होत नाही" म्हणते तिला मी पिशवी देऊन खिडकीशी बसवते. गाणी म्हणणाऱ्या मुली सुरक्षित. गाणं म्हणता म्हणता मध्येच गप्प झालेली मुलगी, तिच्याकडे धावायचं.

तिसरं, आपण शेवटी जेवायचं. आणि चौथं, आपण आजारी पडायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नसतं, पण सहलीवर शिंकलेल्या शिक्षिकेकडे सगळे ज्या नजरेनं बघतात त्यावरून ते समजतं.

पूर्वी एवढ्यावर भागायचं. आता पालकांचा ग्रुप असतो. प्रत्येक जेवणाला प्रत्येक मुलीचा फोटो त्यात टाकायचा, ताटासकट. एखादी चुकून फोटोत आली नाही की माझा फोन वाजलाच. एका आईनं फोटो मोठा करून पाहून मला कळवलं होतं की तिच्या मुलीच्या दोन पायांत दोन वेगळे मोजे आहेत. एका दिदिमांनी, म्हणजे आईच्या आईनं, व्हिडिओ कॉल लावून मला गादीवर हात फिरवायला लावला आणि दमट आहे का विचारलं. एका वडिलांनी तर सगळ्या वर्गाच्या ग्रुपवर "श्रीजाचं पोट साफ झालं का?" असं विचारलं. त्यावर चार वडिलांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. ते का, मला अजून कळलेलं नाही.

आणि माकडटोपी. कान, गळा, कपाळ सगळं झाकणारी ती लोकरीची टोपी बंगाली आई मुलीला वाळवंटात पाठवतानाही बरोबर देईल. थंडी लागणं ही इथे नुसती गोष्ट नाही, तो शत्रू आहे, आणि तो कानातून शिरतो.

हे सगळं मला चालतं. चिडचिड होते, पण चालतं. त्रास होतो तो एका नव्या नियमाचा. नियम चांगला आहे, मुलींच्या भल्याचा आहे, आणि मीच तो नव्या शिक्षिकांना समजावून सांगते. मुलीच्या खोलीत एकटीनं जायचं नाही, दार लावायचं नाही, मुलीला जवळ घ्यायचं नाही. आधी घरच्या आठवणीनं रडणारी मुलगी सरळ माझ्या मांडीवर यायची. नाक माझ्या शालीला पुसायची आणि झोपायची. आता मी उंबरठ्यावर उभी राहते आणि तिथून म्हणते, "रडू नको हं." उंबरठ्यावरून हे वाक्य म्हणून पाहा एकदा. वीजबिल मागायला आल्यासारखं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहावीच्या मुलींना घेऊन कालिम्पाँगच्या वरच्या अंगाला एका गावात गेलो होतो. बरोबर मौसुमी होती, आमची बंगालीची शिक्षिका. तरुण, गुणी, आणि तिच्या छोट्या मुलानं तिला फोनवर पुरतं बांधून ठेवलेलं. तिचं पिछुटान दर अर्ध्या तासाला व्हिडिओवर येऊन "मा, बघ, मी पडलो" सांगायचं.

मुलींमध्ये ऐंद्रिला नावाची एक होती. बारीक, मोठा चष्मा, वर्गात उत्तर येत असलं तरी हात अर्धाच वर करणारी. वडील जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात. आई आदल्या उन्हाळ्यात बंगळूरला नोकरीसाठी गेली होती. नवराबायकोचं आता फारसं जमत नाही असं शाळेत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मुलगी गार्डन रीचला आजोबांकडे राहायची. या दादूंकडे बटणांचा साधा फोन, म्हणून ग्रुपमध्ये आईचा नंबर घेतलेला. माझ्या फोनमध्ये तो 'ऐंद्रिलाची आई' या नावानं होता.

पहिल्या दिवशी नाश्त्याचे फोटो टाकले. पालकांची झुंबड उडाली. ऐंद्रिला माझ्याजवळ आली.

"मिस, माझा फोटो टाकला?"

"टाकला की."

"माझ्या मा-नं पाहिला?"

मी म्हटलं, पाहिला असेल. पण ती हलेना, म्हणून फोन उघडला. आपण टाकलेला फोटो कुणी-कुणी पाहिला ते त्यात दिसतं. सगळ्या आया, बाप, दोन आत्या आणि एक मामा यांनी पाहिला होता. ऐंद्रिलाच्या आईपर्यंत तो नुसता पोचला होता. त्यांनी उघडला नव्हता.

"कामावर असेल," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "कामावर असते."

दुपारच्या जेवणाचे फोटो टाकले. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. संध्याकाळी मोमोज होते, मुली त्यावर तुटून पडल्या, आणि मला दिसलं की ऐंद्रिलाच्या ताटलीतले मोमोज तसेच आहेत. दुपारीही तिनं भात चिवडलाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुरीला हातच लावला नाही, आणि मुली चहाचा मळा बघायला निघाल्या तेव्हा ती खोलीतून बाहेरच आली नाही.

मौसुमी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मेधादी, आज दुपारीही जेवली नाही तर नियमाप्रमाणे बाईंना कळवावं लागेल. मग तिला परत पाठवतील."

नियम तसा आहे. मूल दिवसभर अन्न नाकारत असेल तर पालकांना बोलावून घ्यायचं, नाहीतर शिक्षिकेबरोबर खाली पाठवायचं. दादूंची बायपास झालेली, ते काय डोंगर चढून येणार. म्हणजे मौसुमी तिला घेऊन जाणार, आणि मुलगी साऱ्या शाळेत 'परत पाठवलेली' म्हणून ओळखली जाणार. सहावीच्या मुलींत हे असलं नाव दहावीपर्यंत टिकतं.

मी तिच्या खोलीपाशी गेले. दार उघडं. मौसुमी पलीकडे व्हरांड्यात, आम्ही दोघी दिसू अशा ठिकाणी उभी. सगळं नियमानुसार. ऐंद्रिला कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. रडत नव्हती. रडत असती तर मला जास्त सोपं गेलं असतं.

"भूक नाही का?"

"नाही."

"पोट दुखतंय?"

"नाही."

"मग जेवत का नाहीस? मला वर कळवावं लागेल, ऐंद्रिला. तुला परत पाठवतील."

तिनं मान वर केली. "परत नका पाठवू मिस. घरी नुसते दादूच आहेत. ते टीव्ही बघतात." मग जरा थांबून म्हणाली, "आज तरी उघडला?"

इथे पूर्वीच्या काळची मी आत गेले असते, तिच्याशेजारी बसून तिला जवळ ओढलं असतं आणि मिटलं असतं सगळं. पण मी उंबरठ्यावर. हाताला काही काम नाही म्हणून हातातला फोन वर केला, त्याच्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून निघालं,

"अगं, तेच सांगायला आले. तुझ्या आईचा मेसेज आलाय. विचारतेय, जेवलीस का."

"ग्रुपवर?"

"नाही, मला वेगळा."

ती माझ्याकडे बघत राहिली. चष्म्याआड डोळे मोठे दिसतात, त्यात काय चाललंय ते मला वाचता येईना. मग उठली, चपला घातल्या, आणि म्हणाली, "मग जेवते."

दुपारी ती जेवली. मौसुमीनं मला लांबून हात जोडले. माझी छाती अशी फुगली होती की शालीची पिन सुटली.

मला वाटलं, एकदाच काय ते खोटं, निभावलं. पण मुलगी संध्याकाळी पुन्हा हजर. "मा काय म्हणाली?" आता आईनं एकदा विचारायचं आणि मग गप्प बसायचं हे काही खरं वाटलं नसतं. तेव्हा आईनं विचारलं, मोजे कोरडे आहेत का. सकाळी विचारलं, अंघोळीला गरम पाणी मिळालं का. केसांना तेल लावलंस का. मैत्रिणी कोण झाल्या. मी फोनकडे बघून वाचल्याचं नाटक करायची आणि ऐंद्रिला नीट उभी राहून उत्तरं द्यायची.

"तिला सांगा मिस, माझ्या खोलीत तितली आहे, ती झोपेत इंग्रजी बोलते."

"तिला सांगा, मी काल ढग वरून पाहिले. खाली होते ते. आपण वर."

तिच्यासमोर हे टाइप करणं भाग होतं. कुणाला तरी टाइप करायचं म्हणून मी माझ्या मुलाच्या मेसेजची खिडकी उघडायची, लिहायची, ती गेली की पुसायची. एकदा पुसायच्या ऐवजी पाठवलं गेलं. हैदराबादमध्ये भर ऑफिसात माझ्या मुलाला मेसेज मिळाला, 'मी टोपी घातली होती, मला थंडी वाजली नाही, मोमो चार खाल्ले.' त्याचा ताबडतोब फोन.

"आई, आर यू ओके? कुठे आहेस तू?"

"सहलीवर. अरे, ते दुसऱ्यासाठी होतं."

"बरं. डॉक्टरला दाखवलंस का पण? म्हणजे, जनरली?"

किती दिवसांनी त्यानं आपणहून फोन केला होता. मी म्हटलं, दाखवीन. आणखी थोडं बोलावंसं वाटत होतं, पण त्याची मीटिंग होती.

खरं सांगायचं तर मला त्या बनावट आईची गोडी लागली. तिला उत्तरं मिळत होती. मी माझ्या मुलाला हेच सगळं विचारते, जेवलास का, काय जेवलास, पांघरूण पुरतं का, आणि मला अंगठा मिळतो. इथे मी एक प्रश्न विचारला की समोरून ढग यायचे, तितली यायची, मोमो यायचे. मला वाटायला लागलं, काय हुबेहूब आई उभी केली आहे आपण. जन्म बंगाल्यांत गेलाय आपला, बंगाली आई आपल्याला आतून बाहेरून पाठ आहे. शेवटच्या दिवशी दुपारी तर मी रंगातच आले. टेबलावर आमच्या मारवाडी मुलींसाठी दह्याच्या वाट्या ठेवलेल्या असायच्या. ऐंद्रिलाच्या ताटात भात उरला होता. मी फोन काढला आणि म्हटलं, "आई म्हणतेय, शेवटचा भात दह्याशी खा. पोट शांत राहतं प्रवासात."

ऐंद्रिलाचा घास हातात थांबला. तिनं दह्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या तितलीनंही पाहिलं, जरा भीतीनंच. मग ऐंद्रिलानं वाटी ओढून घेतली, दही भातावर घातलं आणि सगळं खाल्लं. मी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, चांगला आला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाली न्यू जलपाईगुडीला आलो. गाडीला वेळ होता. दुपारचं ऊन होतं, फलाटावर सामानाचा ढीग करून मुली त्यावर बसल्या होत्या. मौसुमी मुलींचा गोंगाट आणि आपल्या मुलाचा फोन असं दोन्ही सांभाळत होती. मी एका ट्रंकेवर टेकले. ऐंद्रिला येऊन शेजारी बसली, मध्ये नियमाइतकं अंतर ठेवून.

"मिस, एक सांगू? रागवायचं नाही."

"सांग."

"माझी मा थंडीत दही देत नाही. अजिबात नाही. दिवाळीतली काली पूजा झाली की आमच्याकडे दही बंद. मी एकदा चोरून खाल्लं होतं तर तिनं मला कानाला धरून गुळण्या करायला लावल्या होत्या."

जेवणाच्या शेवटी दहीभात हे माझ्या आईनं मला सांगितलेलं, तिला तिच्या आईनं सांगितलेलं. डिसेंबर असो की मे, दहीभात खाल्ल्याशिवाय उठायचं नाही. जन्मभर या शहरात राहून, इतक्या माकडटोप्या मुलींच्या डोक्यावर ओढून बसवून, मी डोंगरातल्या थंडीत एका बंगाली आईच्या तोंडी दहीभात घातला होता.

"म्हणजे तुला काल कळलं," मी म्हटलं.

"नाही. आधीच." ती चपलेच्या टोकानं फलाटावर रेघा मारत होती. "मा मेसेज करते तेव्हा आधी टोपीचं विचारते. तुम्ही टोपीचं एकदाही नाही विचारलं."

"मग बोलली का नाहीस? आणि खाल्लंस का ते दही?"

तिनं खांदे उडवले. "तुम्ही विचारत होता ना रोज. नसतं खाल्लं तर तुम्हाला कळलं असतं की मला कळलंय. मग तुम्ही विचारायचं बंद केलं असतं."

समोरून मालगाडी जायला लागली आणि बराच वेळ जात राहिली. डबे मी मोजले. किती ते आता आठवत नाही.

सियालदा स्टेशनवर दादू आले होते. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेऊन "फार उपकार झाले, मिस" म्हटलं. ऐंद्रिलानं मला "येते मिस" म्हटलं आणि गेली. सगळ्या मुली अशाच जातात. चांगली झालेली सहल ओळखायची खूण हीच आहे की शेवटी फलाटावर तुमच्याजवळ कुणी उरत नाही.

सहल संपली की पालकांचा ग्रुप सुटायला लागतो. कुणी 'थँक यू मिस' लिहून जातं, कुणी न लिहिता. दोन दिवसांत सगळे मोजे, टोप्या आणि पोटं गेली. मौसुमीही गेली. उरल्या दोघी, मी आणि ऐंद्रिलाची आई. त्यांनी ग्रुप सोडला नव्हता कारण त्यांनी तो उघडलाच नव्हता. रिकामा ग्रुप बंद करायचा असतो. मी केला नाही. संध्याकाळी बालीगंजच्या घरी कुकर लावला की फोन उघडून बघायची. फोटो पोचलेले, न पाहिलेले.

सुट्टी संपत आली होती. एका रविवारी सकाळी मी भाजी निवडत होते आणि फोन वाजायला लागला. एकामागून एक. ऐंद्रिलाच्या आईचे मेसेज होते, त्या ओसाड ग्रुपवर, जणू सहल आजच चालू आहे. पहिल्या दिवसाच्या नाश्त्यापासून त्या फोटो बघत येत होत्या. हिच्या कपाळाला काय लागलंय? हा स्वेटर कुणाचा, आमचा नाही. ही शेजारी बसलेली मुलगी कोण, हिची मैत्रीण आहे का? ती हसतेय ना इथे, की उन्हानं डोळे बारीक केलेत? मध्येच एक लांब मेसेज आला. 'मिस, क्षमा करा. मी रोज फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. ती हसताना दिसली असती तरी मला सोसलं नसतं, आणि नसती हसली तरी. आज धीर करून उघडलं.'

भाजी तशीच टाकून मी उत्तरं द्यायला बसले. स्वेटर तितलीचा, अदलाबदल केली होती. हो, मैत्रीण झाली आहे. ती हसतेच आहे. सगळी खरी उत्तरं, एकही रचावं लागलं नाही. आणि एवढ्यात त्या शेवटच्या दुपारच्या फोटोवर पोचल्या.

शाळा उघडली त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ऐंद्रिलाला व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "तुझ्या आईचा मेसेज आलाय."

तिनं माझ्याकडे इतक्या समजुतीनं पाहिलं की मला कुठे तोंड लपवू असं झालं. अगदी हळू, कुणी ऐकू नये असं म्हणाली, "मिस, राहू द्या आता. मी जेवते रोज. खरंच जेवते."

"अगं, या वेळी खराच आहे."

"हो मिस."

"ऐंद्रिला, शपथ."

"हो मिस," ती म्हणाली, आणि डबा उघडून मला दाखवायला लागली, पोळी होती त्यात, आलू भाजा, म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, होता, पुरावा म्हणून.

मग मी वाद घातला नाही. फोन काढला, शेवटचा मेसेज शोधला आणि जसा होता तसा तिला बंगालीत वाचून दाखवला. 'तिच्या ताटात हे पांढरं काय आहे? दही? डोंगरात, या थंडीत? कुणी दिलं तिला? टोपीही नाही डोक्यावर. तुम्ही एवढ्या मोठ्या शाळेतल्या शिक्षिका, तुम्हाला एवढंही समजत नाही? तिचा घसा कसा आहे ते मला आत्ताच्या आत्ता कळवा.'

व्हरांड्यात मुली आरडाओरडा करत पळत होत्या. ऐंद्रिला डब्याचं झाकण हातात धरून उभी होती.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचलं. शिक्षिकेला काही समजत नाही हे वाक्य मी दुसऱ्यांदा जास्त ठसक्यात वाचलं.

ती हसली. हसता हसता चष्मा काढून ओढणीला पुसला आणि हात पुढे केला. मी फोन तिच्या हातात दिला. ती व्हरांड्याच्या टोकाला कठड्यापाशी गेली, माझ्याकडे पाठ केली आणि टाइप करायला लागली. काय लिहिते आहे ते मला दिसत नव्हतं. मी पाहिलंही नाही. तिच्या उघड्या डब्यावर माशी बसू नये म्हणून तो धरून उभी राहिले.

घंटा झाली तेव्हा तिनं फोन आणून दिला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ऐंद्रिलाची आईही ग्रुपमधून गेली. दादूंनी मोठ्या पडद्याचा फोन घेतला आहे, आता मायलेकी रोज थेट बोलतात, हे मला नंतर मौसुमीकडून समजलं. तशी आता ऐंद्रिला वर्गात पूर्ण हात वर करते आणि मला विचारायचं असं तिच्याकडे काही नसतं.

ग्रुपमध्ये मी एकटी उरले होते. वर सगळे फोटो होते, ढग, मोमो, दही, आणि मागे कुठेतरी तो कांचनजंगा. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा सगळ्या मुली मोजल्या. आकडा जुळला. मग ग्रुप बंद केला.